डोलकाठी उतरविताना

लहान मुलाच्या हाती कागद-पेन्सिल देऊन त्याला जहाजाचे चित्र काढावयास सांगितले, तर ते मूल आजही बहुधा शिडाचेच जहाज काढते. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही अशा नागपूरच्या किंवा इंदूरच्या मुलाच्या हातूनही तीच फुगलेली शिडे, तीच उंच डोलकाठी आणि तोच फडफडणारा बावटा उमटतो. शिडे समुद्रावरून जवळजवळ नाहीशी झाली. माणसाच्या मनातून मात्र ती अद्याप उतरलेली नाहीत.

जहाजांच्या प्रतिकृतींचे संच विकणाऱ्यांनी हे मर्म नेमके ओळखले आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेले ते लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे सुटे भाग, दोऱ्यांच्या गुंड्या आणि बारीक अक्षरांतील सूचनापत्रक घरी आणून महिनोन्‌महिने जुळणी करीत बसणारे हौशी लोक जगभर आहेत. त्या खोक्यावरचे चित्र बहुधा एकाच प्रकारचे असते. जहाज ऐन तारुण्यात आहे, वारा अनुकूल आहे आणि एकूण एक शीड उभारलेले आहे. ‘कटी सार्क’ या विख्यात जहाजाच्या प्रतिकृती जितक्या घरांत आढळतात, तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या जहाजाच्या आढळत असतील. परंतु त्यांतील बहुतेक सगळ्या प्रतिकृती चीनहून चहा आणणाऱ्या वैभवकाळातील कटी सार्कच्या असतात. हेच जहाज १८९५ मध्ये पोर्तुगीज मालकाकडे गेले, त्याचे नाव बदलले, १९१६ मध्ये त्याच्या डोलकाठ्या मोडल्या आणि नंतर ते साध्या, आखूड शिडांनिशी मालाची ने-आण करीत राहिले. त्या काळातील कटी सार्क कोणाच्याही दिवाणखान्यात दिसत नाही.

अशा संचाचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. उत्साहाने आरंभ केलेली जुळणी दोरखंडांच्या जंजाळापाशी येऊन थबकते. खोके माळ्यावर जाते. दहा-वीस वर्षांनी ते खाली काढावे, तो दोऱ्या कुजलेल्या, शिडे पिवळी पडलेली आणि एक डोलकाठी मध्येच मोडलेली. पुष्कळदा जुळणी अर्धवट सोडणारा हात वडिलांचा असतो आणि खोके उघडणारा हात मुलाचा. अशा वेळी दोनच मार्ग आहेत असे वाटते. एक, ते सारे टाकून द्यावे. दुसरा, नव्या काठ्या व नव्या दोऱ्या आणून खोक्यावरच्या चित्राबरहुकूम ते पूर्ण करावे. तिसरा मार्ग सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो म्हणजे मोडलेली डोलकाठी मोडलेलीच समजून त्या जहाजाला यंत्र बसवावे आणि त्याला मालवाहू जहाज करावे.

हा विचार प्रथम ऐकताच मन कचरते. वडिलांनी मोठ्या हौसेने आणलेल्या जहाजाची शिडे काढून त्यावर धुराचे नळकांडे बसवावयाचे, ही त्या हौसेची विटंबनाच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर खोक्यावरच्या चित्रात नाही. ते खऱ्या जहाजांच्या चरित्रांत शोधावे लागते.

सुवेझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, कटी सार्क स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे पाण्यात उतरले. कालव्याचा मार्ग वाफेच्या जहाजांना सोयीचा आणि शिडांच्या जहाजांना गैरसोयीचा होता. म्हणजे त्या सुंदर जहाजाचा जन्म आणि त्याच्या धंद्याचा अस्त यांचा आठवडा एकच होता. तथापि मोठ्या जहाजांची गोष्ट वेगळी आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोळसा, मीठ, विटा, धान्य वाहणाऱ्या लहान जहाजांची वेगळी. वाफेच्या यंत्राला बाष्पपात्र लागते, कोळशाचा साठा लागतो आणि तो भट्टीत लोटणारी माणसे लागतात. लहान जहाजात एवढे सारे भरले, तर मालाला जागा उरावयाची कोठे? म्हणून वाफेचे युग भर ज्वानीत असतानाही ही लहान जहाजे वाऱ्यावरच पोट भरीत राहिली.

त्यांचे दैव पालटले ते तेलावर चालणाऱ्या यंत्राने. १९१२ मध्ये कोपनहेगन येथे बांधलेल्या ‘सेलांडिया’ या जहाजाने डिझेल यंत्राच्या बळावर पूर्वेकडचा लांबचा प्रवास करून दाखविला. त्या जहाजाला धुराडेच नव्हते. धूर डोलकाठीतून बाहेर सोडलेला होता. लहान जहाजांच्या वाट्यास मात्र आले ते याहून पुष्कळ ओबडधोबड यंत्र. त्याच्या डोक्यावर लोखंडी गोळ्यासारखा एक भाग असे. तो दिव्याच्या ज्वाळेने काही मिनिटे तापवावा, तेव्हा कोठे यंत्र सुरू होई; आणि एकदा सुरू झाले की स्वस्तातले जाडेभरडे तेल पिऊन ते संथ ठोके देत तासन्‌तास चाले. त्याला बाष्पपात्र नको आणि कोळसाही नको. उत्तर युरोपातील किनाऱ्यांवर शेकडो शिडांच्या जहाजांच्या पोटात अशी तेलाची यंत्रे जाऊन बसली.

या स्थित्यंतराचे एक बोलके उदाहरण म्हणजे उत्तर वेल्समधील कॉनाज के या गावी १९०० मध्ये बांधलेले तीन डोलकाठ्यांचे एक जहाज. त्याची लांबी सुमारे ९८ फूट. पहिल्या मालकाने आपल्या मुलींवरून त्याचे नाव ‘लिझी मे’ असे ठेविले. १९०८ मध्ये ते आयर्लंडमधील यॉल बंदराच्या एका मालकाने घेतले. त्यालाही मुली होत्या. त्यांच्या नावांवरून जहाजाचे नामकरण पुन्हा झाले आणि ते ‘कॅथलीन अँड मे’ झाले. पुढे १९३१ मध्ये ते डेव्हनमधील ॲपलडोरच्या कॅप्टन ज्यूएल यांच्याकडे आले आणि त्यांनी त्यात ८० अश्वशक्तीचे यंत्र बसविले. १९६० च्या सुमारापर्यंत ते जहाज मालवाहतूक करीत होते. हिशोब करून पाहिला तर ध्यानात येते की, ज्या रूपात ते जन्मास आले त्या निव्वळ शिडाच्या रूपात ते सुमारे ३१ वर्षे राबले आणि यंत्र घेऊन जवळजवळ तितकीच आणखी वर्षे राबले. मग त्याचे खरे रूप कोणते म्हणावयाचे? यंत्र बसविणाऱ्याने त्याचा नाश केला, की त्याला दुसरे आयुष्य दिले? त्याची कित्येक भावंडे यंत्रावाचून किनाऱ्यावर कुजून गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे उत्तर अवघड राहत नाही.

हे चरित्र डोळ्यांपुढे ठेवून माळ्यावरच्या खोक्याकडे पुन्हा पाहिले, तर हाती घ्यावयाचे काम विटंबनेचे वाटत नाही. परंतु ते वाटते तितके सोपेही नाही. पहिली परीक्षा सांगाड्याची. दोन-तीन डोलकाठ्यांच्या लहान व्यापारी जहाजाचा संच असेल, तर निम्मे काम झाले. लढाऊ जहाजाचा असेल तर त्याच्या कुशीतील तोफांची भोके लांबीने बुजवून, काचकागदाने घासून बाजू सपाट करावी लागते. आणि तसे करूनही त्याची उंच, नक्षीदार पिछाडी मूळचा धंदा लपवू देत नाही. जी जहाजे प्रत्यक्षात कधी यंत्राची झाली नसती, त्यांना यंत्र न देणे हेच प्रामाणिकपणाचे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. कॅथलीन अँड मेएवढ्या जहाजाची प्रतिकृती बहात्तरास एक या प्रमाणात केली, तर ती सव्वासोळा इंचांहून किंचित लांब भरते आणि सहा फूट उंचीचे दार बरोबर एक इंचाचे होते. हा एक इंच हौशी कारागिराने पक्का ध्यानात ठेवावा. कारण यापुढे डेकवर तो जे जे नवे उभारील, ते त्या एका इंचाच्या दारातून ये-जा करणाऱ्या माणसाच्या मापाचे हवे. खोली बेताहून मोठी झाली की जहाज खेळण्यासारखे दिसते. लहान झाली की आत माणूस मावणार नाही हे पाहणाऱ्यास नकळत खुपते.

मग डोलकाठ्यांची पाळी. येथे हात सैल सोडून चालत नाही. सगळ्याच काठ्या मुळापासून उपटल्या तर ते रूपांतर न होता दुसरेच जहाज होते. खऱ्या मालकांनी काठ्या एकदम टाकल्या नाहीत. नव्या यंत्रावर त्यांचा पुरता विश्वास बसलेला नव्हता आणि वारा फुकटचा होता. त्यांनी आधी काढले ते वरचे टोक, म्हणजे खालच्या काठीवर चढविलेली दुसरी काठी आणि तिच्यावरची आडवी परबाणे. ज्या शिडांसाठी माणसाला उंच चढावे लागे, ती शिडे प्रथम गेली. कारण तशी चढणारी माणसे पगारावर ठेवणे परवडेनासे झाले होते. नाळेवरून पुढे झेपावणारी लांब काठी आखूड केली, म्हणजे गर्दीच्या बंदरात ती कोणाला लागावयाची नाही. खालच्या जाड काठ्या मात्र राहिल्या. त्यांच्यावर गरजेपुरते एखादे शीड आणि माल उचलण्यासाठी यारीचा दांडा, अशी दुहेरी चाकरी त्यांच्याकडे आली. प्रतिकृतीतही नेमके हेच करावे. मोडलेली काठी जेथे मोडली तेथेच नीट कापावी, टोक गोल करावे आणि तिच्या बुंध्याशी बारीक तारेचा यारीचा दांडा जोडावा. जी काठी वीस वर्षे निकामी वाटत होती, ती कामास लागते.

सर्वांत नाजूक काम पिछाडीचे. शिडाच्या जहाजाची पिछाडी पाण्याखाली निमुळती असते आणि तिच्या टोकाशी उभा, जाड लाकडी खांब असतो. त्याला सुकाणू टांगलेले असते. पंखा फिरावयास मोकळी जागा हवी. ती खांबात किंवा सुकाणूत कोरून काढावी, तर जहाजाच्या पाठीचा कणाच दुबळा होतो. म्हणून काही जहाजांत खांबाला धक्का न लावता दांडा त्याच्या एका बाजूने बाहेर काढीत आणि पंखा मध्यावर न बसविता एका कुशीला बसवीत. असे जहाज एका अंगाला ओढ घेई आणि सुकाणू धरणाऱ्याला ती ओढ सतत सांभाळावी लागे. पण कणा शाबूत राही. कारागिराने यांपैकी कोणताही मार्ग पत्करावा, परंतु का पत्करला हे त्याला सांगता आले पाहिजे. गिरमिटाने एक भोक पाडून पंखा चिकटविला, एवढ्याने जहाज यंत्राचे होत नाही.

यंत्र दिसत नसले तरी त्याने व्यापलेली जागा दिसली पाहिजे. ते पिछाडीला बसते, म्हणजे मागच्या मालाच्या खणाचा काही भाग गेला. त्या खणाचे डेकवरील तोंड लहान करावे लागते. तेलाच्या टाक्या आल्या. धूर सोडणारी नळी आली. वजन मागे वाढले, म्हणून जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी ठेवावयाचे दगड, ज्यांना जुने दर्यावर्दी नीरम म्हणत, त्यांची मांडणी बदलली. पूर्वी सुकाणूचे चाक उघड्यावर असे आणि ते धरणारा पावसात भिजत उभा राही, कारण त्याला शिडांकडे पाहावे लागे. आता वर पाहण्याचे कारण संपले. त्याला समोर पाहावयाचे होते. म्हणून चाकाभोवती खिडक्यांची एक लहानशी खोली उभी राहिली. ती आली की शेवटच्या काठीवरच्या शिडाचा खालचा वासा तिला अडू लागला, म्हणून ते शीड गेले किंवा आखूड झाले. अशा रीतीने एक बदल दुसऱ्या बदलाला हात धरून आणतो. जुळणीच्या सूचनापत्रकात एकापुढे एक आकडे असतात. येथे आकडे नसतात, येथे कारणे असतात. या कामातील खरा आनंद हाच की, कारागिराला प्रत्येक पायरीवर जुन्या मालकाच्या जागी बसून हिशोब करावा लागतो. काय मिळाले आणि त्यासाठी काय द्यावे लागले? यंत्राने वेळेवर पोहोचण्याची शाश्वती दिली आणि मालाची जागा घेतली. त्याने उंचावर चढण्याचे भय दूर केले. त्याबरोबर ज्यांना चढता येत होते त्यांची भाकरीही दूर केली. एक इंचाच्या दारामागे एवढे सारे उभे असते.

रंग देताना मोहात पडू नये. मालवाहू जहाजाला चकाकी शोभत नाही. नांगराची साखळी जेथे घासते तेथे गंजाचा एक ओघळ, खणाच्या तोंडाभोवती कोळशाची काळिमा, धुराच्या नळीमागे काजळी आणि सुकाणूच्या खोलीला मात्र नुकताच दिलेला पांढरा हात, एवढे पुरे. कारण गरीब मालकही जहाजाच्या एखाद्या भागावर प्रेम करतोच.

हे सारे दूरच्या समुद्रांवरचे झाले. परंतु भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही हे स्थित्यंतर परके नाही. मंगळुरी कौले, मीठ, नारळ आणि इमारती लाकूड घेऊन फत्तेमाऱ्या व मचवे कोकणच्या बंदरांतून मुंबईकडे जात, ते पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्यावरच. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवीत. त्यांच्याही पोटात हळूहळू यंत्र आले. या बदलाची नोंद कायद्याच्या भाषेतही सापडते. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने शिडाच्या जहाजाची व्याख्या करताना असे म्हटले की, केवळ शिडांच्या बळावर जाता येईल इतकी पुरेशी शिडे ज्यावर आहेत ते शिडाचे जहाज. मग त्यावर यांत्रिक साधन बसविलेले असो वा नसो. कायदा करणाऱ्यांनी जहाजाच्या पोटातील यंत्राकडे पाहिले, पण त्याचे कुळ बदलले नाही. २०२५ मध्ये संसदेने या विषयावर नवा कायदा संमत केला. तरीही कच्छमधील मांडवीस रुक्मावती नदीच्या काठी बांधली जाणारी लाकडी वाहने आज पूर्णपणे यंत्रावर चालत असताना सरकारी कागदपत्रांत ‘मेकॅनाइज्ड सेलिंग व्हेसल’, म्हणजे यंत्र बसविलेली शिडाची जहाजेच म्हणून ओळखली जातात. शीड उतरले, नाव राहिले. कागदांवर पुष्कळदा कालबाह्य शब्द रेंगाळतात आणि त्यांचा त्रासच होतो. परंतु हा एक शब्द रेंगाळला ते बरेच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात एखाद्या युरोपीय जहाजाच्या संचाला मांडवीचे वाहन म्हणून खपवू नये. कोटियाची पुढे झुकलेली नाळ, तिची सपाट नक्षीदार पिछाडी आणि तिचे तिरके परबाण यांचा बांधाच निराळा. ज्याला आपल्या किनाऱ्यावरचे जहाज हवे, त्याने सागवानाच्या फळ्यांपासूनच आरंभ करावा. खोक्यातल्या जहाजाला त्याच्या स्वतःच्या समुद्रावरचे आयुष्य द्यावे.

शेवटी पुन्हा त्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाकडे वळले पाहिजे. १९७० मध्ये इंग्लंडमधील मॅरिटाइम ट्रस्टने ‘कॅथलीन अँड मे’ घेतले आणि त्याला पुन्हा शिडाच्या जहाजाचे रूप दिले. त्यात गैर काहीच नव्हते. तशी जहाजे फारच थोडी उरली होती. परंतु संग्रहालयाला एक अडचण असते. त्याच्यापाशी जहाज एकच असते आणि त्याला त्याचे एकच वय निवडावे लागते. ते बहुधा तारुण्य निवडते. माळ्यावरून खोके काढणाऱ्या माणसावर असे बंधन नाही. ज्या वयाला कोणी चित्र दिले नाही, त्या वयाची प्रतिकृती तो करू शकतो. वाऱ्याने ज्यांना सोडून दिले, त्या दिवसांतही ज्यांनी माल वाहिला, मुलींची नावे कपाळी मिरविली आणि खलाशांच्या घरची चूल पेटती ठेविली, त्या प्रौढ जहाजांचे ते स्मारक होय.

वडिलांच्या हातची अर्धवट राहिलेली ती प्रतिकृती पूर्ण झाली म्हणजे तिच्या नाळेपाशी जरा निरखून पाहावे. तेथे वडिलांनी चिकटविलेल्या पहिल्या फळ्या तशाच असतात; त्यांच्या सरसाचे डागही दिसतात. कणा त्यांचा, सांगाडा त्यांचा. वर उभी राहिलेली ती एक इंचाच्या दाराची पांढरी खोली तेवढी मुलाची. खोक्यावरच्या चित्राशी ते जहाज आता मुळीच जुळत नाही. ते माळ्यावर मात्र परत जात नाही.